माझी बारी शुक्रवारी

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी १०.४०
ऑफिसात आल्या आल्या रडारड. ओंकारचं दोन दिवसांचं काम गेलं. तो आणि धनश्री एकाच फाईलवर काम करत होते. धनश्रीनं आधी चढवलं, मागून ओंकारनं घाईत काहीतरी दाबलं आणि स्वतःचंच काम पुसून बसला. तोंड एवढंसं झालं होतं. मी त्याला म्हणालो, शिस्त पाहिजे. त्याचं समाधान झालं नाही.

दुपारी ३
सत्यशीला मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. कंपनी त्यांची. म्हणाल्या, रामहरी, तुम्ही टीम लीड आहात, यापुढे कुणाचंही काम गेलेलं मला चालणार नाही. काय नियम करायचे ते करा. ९ ऑक्टोबरला साखर कारखान्यावर डेमो. तिथं सगळं चालताना दिसलं पाहिजे.
टीम म्हणजे आम्ही तिघं. ओंकार स्क्रीन बनवतो. धनश्री ऊसतोड टोळ्यांची नोंदणी करते. कुणाचा ऊस कोणत्या दिवशी तोडायचा तो तोडणी कार्यक्रम माझ्याकडे. म्हणजे सॉफ्टवेअरचा मेंदू माझ्याकडे.
मॅडमनी हे काम ओंकारला सांगितलं नाही, धनश्रीला सांगितलं नाही, मला सांगितलं. नोंद करून ठेवतो.

२ सप्टेंबर, मंगळवार
विचार चालू. सगळ्यांचं काम एकत्र ठेवायची सामाईक जागा म्हणजे गिट. आपलं तिथं चढवायचं म्हणजे पुश, दुसऱ्याचं आपल्याकडे उतरवायचं म्हणजे पुल. आठ वर्षं मी हे करतो आहे. करतो म्हणजे, अडलं की ओंकार माझ्या मशीनवर येऊन करून देतो. लीडनं बटणं दाबत बसायचं नसतं.
ऑफिसच्या खाली पिठाची गिरणी. बाजरी दळायला आली की टेबल हलतं, विचार तुटतो.

३ सप्टेंबर, बुधवार. सकाळी ७
दाढी करताना सुचलं. आवर्तन.
आमच्या देवळालीला पाटाचं पाणी कसं मिळतं? बारीनं. आज याची बारी, उद्या त्याची. ज्याची बारी त्यानंच दारं धरायची, म्हणजे पाणी आपल्या शेतात वळवायचं, दुसऱ्यानं पाटाला हात लावायचा नाही. आणि सुरुवात टेलकडून, म्हणजे शेवटच्या टोकाला जो असेल त्याला आधी. वर्षानुवर्षं हजारो एकर असे भिजतात. तीन माणसांचं गिट भिजणार नाही?
सोमवार धनश्रीचा, बुधवार ओंकारचा, शुक्रवार माझा. एका वेळी एकच माणूस चढवणार, मग कुणाचं कुणावर पडेल कसं? पुण्यातल्या मोठमोठ्या कंपन्यांना हे सुचलं नाही, कारण तिथं कुणी पाटावर वाढलेलं नसतं.

४ सप्टेंबर, गुरुवार
भिंतीवर नियम लावले.
१. ज्याची बारी त्यानंच पुश करायचं.
२. रोज कमिट करायचं. (म्हणजे झालेलं काम आपल्या मशीनवर पक्कं नोंदवायचं.)
३. बारी चुकली तर पुढच्या आठवड्यात.
४. ऑफिसच्या कामाची कॉपी पेनड्राईव्हवर किंवा इतर कुठेही काढायची नाही. काढणाऱ्याची गय केली जाणार नाही.
धनश्री बराच वेळ वाचत उभी होती. मग म्हणाली, सर, आमच्या पाथर्डीकडं कॅनॉलच न्हाई, आम्हाला बारीचं काय कळतंय. आमच्याकडं टँकर आला की हाय ते भांडं लगेच भरून ठेवायचं. मी तर दर अर्ध्या तासाला चढवते. मी म्हणालो, त्यानंच घोटाळे होतात.
ओंकार काही बोलला नाही. त्याला पटलं असावं.

५ सप्टेंबर, शुक्रवार
माझी पहिली बारी. नियमांची फाईल टाईप करून गिटवर चढवली. ओंकार मशीनवर बसला होता, पण फाईल माझी.
मॅडम म्हणाल्या, छान.

८ सप्टेंबर, सोमवार
तोडणी कार्यक्रमाचा श्रीगणेशा. लागवडीची तारीख, उसाची जात, कारखान्यापासूनचं अंतर, सगळ्याचा विचार करून प्रत्येक शेताला आपोआप तारीख. असं काम जिल्ह्यात कुणी केलेलं नाही.
संकल्प: रोज संध्याकाळी साडेपाचला कमिट. आज काम अगदीच कच्चं आहे, म्हणून उद्यापासून.

१० सप्टेंबर, बुधवार
उद्यापासून कमिट.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ४
माझी बारी. चढवलं नाही. कारण तांत्रिक आहे: काही ठिकाणी ‘शेत’ लिहिलंय, काही ठिकाणी ‘प्लॉट’. टीम लीडचं काम असं विस्कळीत वर गेलं तर पोरांनी काय आदर्श घ्यायचा?
मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, रामहरी, तुमचं सगळं वर आहे ना? मी हो म्हणालो. खोटं नाही. नव्वद टक्के झालंय आणि सोमवारपर्यंत वर जाणारच आहे. दोन दिवसांचा तर प्रश्न.

१५ सप्टेंबर, सोमवार
सोमवार धनश्रीचा. नियम म्हणजे नियम. थांबलो.
तिनं टोळीच्या नोंदणीत ‘बरोबर येणारी मुलं’ असा रकाना घातला आहे. प्रत्येक मुलाचं नाव, वय, इयत्ता. मी म्हणालो, कारखान्यानं हे मागितलेलं नाही. ती म्हणाली, सर, मी दुसरी ते चौथी आईसंगं ऊसतोडीच्या फडावरच हुते, माझं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. चाचणीसाठी तिनं टोळीतलं पहिलं नाव आईचं टाकलं आहे, साळूबाई. आईची टोळी दिवाळीनंतर निघणार.
रकाना राहू दिला. मी कडक आहे, पण निर्दय नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार
रोज मीटिंगमध्ये मॅडम ओंकारला विचारतात काय झालं, धनश्रीला विचारतात काय झालं. मला एवढंच विचारतात, सगळं वर आहे ना? विश्वास म्हणतात तो हा.

१८ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी १
एक बाब लक्षात आली. अकरा दिवसांचं काम फक्त या एका लॅपटॉपवर आहे. दुसरी प्रत नाही. पेनड्राईव्हवर काढावं म्हणून हात पुढे केला, तर समोर नियम चार. माझीच सही.
लॅपटॉप आजपासून डोळ्याआड करायचा नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
जामखेडला सासुरवाडी. पंकजाच्या आजोबांचं पित्र. एसटीत लॅपटॉप मांडीवर. वर रॅकवर ठेवावा तर पडेल, खाली ठेवावा तर कुणी पाय देईल. कंडक्टर म्हणाला, बाळ झोपलंय का?
जेवायला पंगतीत बसलो, लॅपटॉप मांडीवरच. कढीचा एक थेंब पिशवीवर पडला आणि मी घास टाकून पिशवी पुसायला लागलो. सासूबाईंनी पंकजाला विचारलं, जावईबापूंचं बरं हाय ना? पंकजानं माझ्याकडे न बघता सांगितलं, कामाचा लई व्याप हाय त्यांना.
शुक्रवार गेला. पण हे धार्मिक कारण आहे.

२० सप्टेंबर, शनिवार
आंघोळीला जाताना लॅपटॉप बाथरूमबाहेर स्टुलावर, दार किलकिलं. पंकजा म्हणाली, लग्नाला सात वर्षं झाली, माझ्यावर एवढं लक्ष कधी ठेवलं न्हाई. तिला कामातलं कळत नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. शुभ दिवस. कमिट करायला बसलो आणि हात थांबला. गिट प्रत्येक कामावर तारीख टाकतं. आज कमिट केलं तर बावीस तारीख पडणार. मॅडमना तर मी बारालाच वर आहे म्हणून सांगितलंय.
अर्थात तो इतिहास कोण उघडून बघतंय? मी स्वतः आठ वर्षांत कधी बघितलेला नाही. पण उगाच विषाची परीक्षा कशाला? सगळं पूर्ण करून एकदमच चढवावं. तेव्हा काम इतकं देखणं असेल की तारखेकडे कुणाचं लक्ष जाणार नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार
वडिलांचा, आप्पांचा, देवळालीहून फोन. सहज त्यांना आवर्तनाचं सांगितलं. वाटलं, खूश होतील. म्हणाले, आरं, बारी पान्याला आसती. पानी कमी म्हनून बारी. तुमच्या त्या कामाला काय तोटा हाय का? ज्याचं झालं त्यानं ठिवावं की.
वय झालंय.

२५ सप्टेंबर, गुरुवार
ओंकार आणि धनश्री दुपारी शेजारी बसून काहीतरी करत होते. मी गेलो तर ओंकारनं स्क्रीन लहान केली. बारी सोडून चढवतात की काय, अशी शंका आली. पूर्वी पाटावरही असं व्हायचं, लोक चोरून दारं फोडायचे. पाटावर देखरेख ठेवणाऱ्या पाटकऱ्यानं एकदोनदा दुर्लक्ष करायचं असतं. केलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
माझी बारी. आज कोणतंही कारण नाही. ओंकार देवीला मोहट्याला गेला होता, म्हणून स्वतःच बसलो.

सकाळी ११.१५. पुश दाबलं. मशीन म्हणतं, नाकारलं. तुमच्यापेक्षा सामाईक जागा पुढे गेली आहे, आधी पुल करा. लीडला नाकारतंय.

११.३०. पुल दाबलं. मशीन म्हणतं, थांबवलं. पुल केलं तर तुमचे बदल पुसले जातील, आधी कमिट करा.

११.४५. कमिट केलं तर तारीख. पुल केलं तर पुसणार. पुश घेत नाही. परत पहिल्यापासून वाचलं. तिन्हीकडून दारं बंद. खाली गिरणी चालू, टेबल हलतंय, आणि मी लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून बसलोय.

दुपारी २. धनश्रीनं जाता जाता विचारलं, सर, काही अडलंय का, बघू का? मी म्हणालो, नाही, तुझंच काम तपासतोय. खरं तर सांगावंसं वाटलं होतं. पण आज सांगितलं तर ती विचारणार, मग बारा तारखेला काय चढवलं? आणि सोळाला? आणि काल? एक दिवस मागे घ्यायचा तर सगळे मागे घ्यावे लागतात.

२९ सप्टेंबर, सोमवार
काम उत्तम चालू आहे. काल स्वप्नात माझा ऊस कुणी तोडून नेला.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. ऑफिसात यंत्रांची पूजा. तिन्ही लॅपटॉप पाटावर, हळदकुंकू, झेंडूची फुलं. मॅडमनी स्वतः माझ्या लॅपटॉपवर अक्षता टाकल्या. म्हणाल्या, यातच आपलं सगळं आहे. मी घाईनं आणखी एक फूल वाहिलं.
पूजेला मांडलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो. दोन दिवसांची हक्काची सुटी. बरं वाटलं. मात्र लॅपटॉप मुक्कामी ऑफिसात राहणार, हे उशिरा लक्षात आलं. घरी जेवण गेलं नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
लॅपटॉप सुरक्षित. कीबोर्डात कुंकू गेलंय, बाकी ठीक.
माझी बारी. काम शंभर टक्के पूर्ण झालं. खरोखर झालं. चारशे शेतांची यादी टाकली, आठ सेकंदांत चारशे तारखा. अठरा महिन्यांचा आडसाली ऊस आधी, तोडलेल्या बुडख्यातून फुटलेला खोडवा मागून, टेकडीवरचं शेत जमिनीतली ओल संपायच्या आत. एकटाच बघत बसलो. डोळ्यांत पाणी आलं, हे इथं लिहायला हरकत नाही.
कुणाला दाखवता येत नाही. दाखवलं तर म्हणतील, हे वर का नाही?

६ ऑक्टोबर, सोमवार
मॅडमनी जाहीर केलं, उद्या दुपारी बारापर्यंत सगळं एकत्र जोडलेलं पाहिजे. मग माझ्याकडे बघून, रामहरी, तुमचं वर आहे ना? मी म्हणालो, केव्हाच. त्या जरा जास्त वेळ बघत राहिल्या. दगदगीमुळे असेल.
संध्याकाळी इंटरनेटवर शोधलं. उपाय मिळाला. पुशच्या पुढे ‘फोर्स’ असा एक शब्द लावायचा की मशीन नाही म्हणूच शकत नाही. खाली लाल अक्षरांत काहीतरी सूचना होती. असल्या सूचना नवख्यांसाठी असतात.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ११.५०
लावला. दाबला. गेलं. दोन सेकंदांत. एक महिन्याचा दगड छातीवरून उतरला. चहा सांगितला, तिघांसाठी, माझ्याकडून.

१२.१०. ओंकारच्या टेबलावरून आवाज. सामाईक जागेतून सगळं गायब. त्याच्या स्क्रीन नाहीत, धनश्रीच्या टोळ्या नाहीत. जे आहे ते पाच सप्टेंबरचं आहे. मी ताबडतोब माझं शोधलं. तेही नाही. कमिट न करता पुश केलं, तर नवीन काही जातच नाही म्हणे. माझी फक्त जुनी प्रत वर गेली आणि सगळ्यांच्या कामावर जाऊन बसली.
मॅडम बाहेर आल्या. विचारलं, कशानं झालं? मी म्हणालो, सर्व्हर.
चहा आला. कुणी घेतला नाही.

१२.३५. धनश्रीच्या लॅपटॉपवर सगळ्यांचं कालपर्यंतचं सगळं होतं. तिनं पंधरा मिनिटांत परत चढवलं. मग म्हणाली, आता जुनं आणि नवं मिसळायला नको, प्रत्येकानं आपलं फोल्डर पूर्ण उडवायचं आणि वरून नवीन घ्यायचं. त्याआधी सांगा, कुणाचं काही वर चढवायचं राहिलंय का?
ओंकार म्हणाला, नाही.
मॅडम माझ्या खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. मी म्हणालो, नाही.
धनश्रीनं परत विचारलं, सर, नक्की ना? हवं तर तुमच्या फोल्डरची एक कॉपी काढून ठिवू, एका मिनिटाचं काम हाय.
मी भिंतीकडे बोट केलं. नियम चार.
ती तरी तिथंच थांबली. खाली गिरणी बंद झाली होती. मग धनश्री म्हणाली, शिफ्ट धरून डिलीट करा सर, म्हणजे कचऱ्यातपण राहत न्हाई. मशीननं विचारलं, कायमचं काढून टाकायचं का? मी ‘हो’वर दाबलं.
चार सेकंद लागले.

सायंकाळी ५.३०
हरकत नाही. काम लॅपटॉपवर नव्हतंच कधी, ते माझ्या डोक्यात आहे. उद्या सकाळी आठला येऊन दुपारपर्यंत परत लिहून काढतो. दुसऱ्यांदा लिहिलेलं जास्त चांगलं होतं.

८ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी ८.०५
सुरुवात.

९.४०. अकरा ओळी आठवल्या. त्यातल्या तीन कंपनीचं नाव आणि पत्ता.

११.२०. धनश्री आली. खुर्ची ओढून बसली. हळू आवाजात म्हणाली, सर, आता नका लिहीत बसू. उद्याच्या डेमोला तोडणी कार्यक्रमाची स्क्रीन हाय. मी आणि ओंकारनं केली. साधी हाय, लागवडीच्या तारखेनं नुसती रांग लावते. पण चालते.
विचारलं, कधी केली?
म्हणाली, चोवीस सप्टेंबरला मॅडमनी सांगितलं, चार दिवस लागले.
मी विचारलं, मॅडमना कसं कळलं?
तिनं माझ्याच मशीनवर एक यादी उघडली. कुणी काय चढवलं, कोणत्या दिवशी, किती वाजता. धनश्री, ओंकार, धनश्री, धनश्री, ओंकार. सोमवार नाही, बुधवार नाही, रोज, दिवसातून दहा दहा वेळा. माझं नाव शोधायला बरंच खाली जावं लागलं. पाच सप्टेंबर. नियमांची फाईल. त्याच्या वर कुठंच नाही.
ही यादी सगळ्यांना दिसते म्हणाली. मॅडम रोज सकाळी चहा घेताना बघतात.
म्हणजे चोवीस तारखेनंतर मी जे उराशी धरून हिंडत होतो, त्याची कुणी वाट बघत नव्हतं. आणि ते चांगलं होतं. टेकडीवरचं शेत ओल संपायच्या आत, हे त्यांच्या स्क्रीनला कळत नाही. ते आता कुणालाच कळणार नाही.
मी तिला विचारलं, मग मला कुणी सांगितलं का नाही? काल तर दोनदा विचारलंस, तेव्हा तरी सरळ सांगायचं की तुमचं वर काहीच नाही.
ती खाली बघत होती. म्हणाली, सर, तुमी रोज सगळ्यांसमोर म्हणत हुता, झालंय. वयानं मोठं माणूस, लीड. तुमाला खोटं कसं पाडायचं?
मी म्हणालो, बरोबर आहे.
ती उठून तिच्या टेबलावर गेली. मी त्या अकरा ओळी कमिट केल्या आणि तिला विचारलं, पुश कसं करतात ते एकदा दाखवशील का.